पाच स्लॉटांत सगळं बसवायचं: आयबीएम पीसी ५१५० साठी मल्टिफंक्शन कार्ड, प्रकल्प नोंदी

पोर्ट आणि मेमरीचे पत्ते सगळीकडे हेक्समध्ये आहेत. मेमरीचे आकडे केबीमध्ये.

७ जून: आधी मशीन

मॉडेल ५१५०, ६४–२५६ केबीचा मदरबोर्ड, चारही रांगा भरलेल्या, म्हणजे बोर्डवर २५६ केबी. पॉवर सप्लाय मूळचा, ६३.५ वॉटचा. डिस्प्लेला एमडीए (आयबीएमचं फक्त अक्षरं दाखवणारं एकरंगी डिस्प्ले कार्ड) आणि त्याचाच मोनोक्रोम मॉनिटर.

हवं आहे ते असं: एकूण ६४० केबी, फायली ने-आण करायला एक सीरियल पोर्ट आणि बंद असतानाही वेळ धरून ठेवणारं घड्याळ. पॅरलल पोर्ट मिळाला तर ठीक, नाही मिळाला तरी अडत नाही. का, ते पुढे येईल.

स्लॉट, म्हणजे कार्ड खोचायच्या खाचा, पाचच. फ्लॉपी कंट्रोलर, एमडीए, कॉम्पॅक्ट फ्लॅश लावलेलं, हार्ड डिस्कचं काम करणारं एक्सटी-आयडीई कार्ड आणि नेटवर्क कार्ड यांनी चार खाल्ले. उरलेल्या एकात मेमरी, सीरियल आणि घड्याळ बसवायचं आहे. १९८१ साली मशीन आलं तेव्हा आयबीएमच्या यादीत यातल्या प्रत्येक कामाला वेगळं कार्ड होतं, आणि घड्याळ तर नव्हतंच. मल्टिफंक्शन कार्डांचा बाजार उभा राहिला तो या पाच स्लॉटांच्या टंचाईतून.

कार्ड शोधण्याआधी बायोसची (मशीन चालू होताच धावणाऱ्या, बोर्डवरच्या प्रोग्रामची) तारीख बघितली. डॉस सुरू करून डीबगमध्ये (मेमरी आणि पोर्ट थेट बघायची डॉसची युटिलिटी) 'डी एफ०००:एफएफएफ५' दिलं की उजवीकडच्या अक्षरांत तारीख दिसते. इथे १०/२७/८२ निघाली. ही असेल तरच पुढचं सगळं लागू होतं. ५१५० च्या आधीच्या दोन बायोस, म्हणजे ०४/२४/८१ आणि १०/१९/८१, दोन ठिकाणी अडवतात. एक, त्या बायोस कार्डांवरचा रॉम (कायमच्या प्रोग्रामची चिप) शोधतच नाहीत, त्यामुळे एक्सटी-आयडीई कार्ड मेल्यासारखं पडून राहतं. दोन, मेमरी ५४४ केबीच्या वर जात नाही.

हा ५४४ आकडा विचित्र वाटतो, पण हिशोब सरळ आहे. मेमरी किती हे बायोस एसडब्ल्यू २ या स्विचपट्टीवरून वाचतं. त्या दोन बायोस पहिले चारच स्विच बघतात. चार बिटांत जास्तीत जास्त १५. प्रत्येक एकक ३२ केबीचं, म्हणजे ४८०, अधिक ६४, झाले ५४४. नवं बायोस पाचवाही स्विच वाचतं, म्हणून ६४० पर्यंत पोचतं.

जुनं बायोस असेल तर आधी ते बदला, कार्ड मग घ्या. बायोसचं सॉकेट यू ३३, २४ पिनांचं. २७सी६४ ला २८ पिना असतात, ती तशीच बसत नाही. एमसीएम६८७६६ ही ८ केबीची चिप पिनेला पिन जुळते, नाहीतर २७सी६४ साठी अ‍ॅडॅप्टर लागतो.

मदरबोर्ड १६–६४ केबीचा असेल तर आणखी एक गोष्ट: बोर्डवर ६४ आणि कार्डवर ३८४, बेरीज ४४८. अशा मशीनला '३८४ केबीचं कार्ड' अपुरं पडतं. जाहिरातीतला मोठा आकडा बघून कार्ड घेणारे नेमके इथे फसतात.

९ जून: कोणतं कार्ड

समोर चार वाटा होत्या.

पहिली, आयबीएमची सुटी कार्डं. एका स्लॉटात ती बसणार नाहीत, विषय संपला.

दुसरी, आजकाल बनणारं एसरॅमचं छोटं मेमरी कार्ड. याला रिफ्रेश (मेमरी टिकवायला ती सतत ताजी करत राहणं) लागत नाही, वीज कमी खातं, मेमरीच्या चिपा मोजक्याच असतात, त्यामुळे बिघडायला फारसं काही नाही. पण ते फक्त मेमरी देतं. सीरियल आणि घड्याळासाठी दुसरा स्लॉट लागतो, आणि तोच नाही.

तिसरी वाट क्लोन मशीनवाल्यांची: फ्लॉपी, सीरियल, पॅरलल, घड्याळ आणि गेम पोर्ट एकाच कार्डवर, मेमरी सोडून. हे घेतलं तर मूळचं फ्लॉपी कार्ड निघून स्लॉट मोकळा होतो आणि तिथे एसरॅम कार्ड बसतं. स्लॉटांचा हिशोब बरोबर जुळतो. अडचण केबलची. आयबीएमच्या फ्लॉपी कार्डाला कडेवर बसणारा ३४ संपर्कांचा कनेक्टर असतो, तर क्लोन कार्डांवर दोन रांगांच्या उभ्या पिना. म्हणजे फ्लॉपीची केबल बदलणं आलं. शिवाय या कार्डांचे जंपर (सेटिंग बदलायच्या छोट्या जोडण्या) कुठे काय करतात याचा कागद बहुतेक वेळा सापडत नाही.

चौथी, जुनं मेमरीवालं मल्टिफंक्शन कार्ड: एएसटीचं सिक्सपॅकप्लस, क्वाड्रॅमचं क्वाडबोर्ड आणि त्यांच्या असंख्य नकला. ३८४ केबीपर्यंत मेमरी, सीरियल, पॅरलल, घड्याळ, आणि सिक्सपॅकप्लसवर हवा असेल तर गेम पोर्ट. २५६ अधिक ३८४ बरोबर ६४०.

सिक्सपॅकप्लस निवडलं. कारण गुणवत्तेचं कमी आणि कागदपत्रांचं जास्त: स्विच-जंपरांचे तक्ते आणि घड्याळाची युटिलिटी सहज मिळते. चाळीस वर्षं जुन्या कार्डाच्या बाबतीत कागद हातात असणं हे कार्डावरच्या कुठल्याही सोयीपेक्षा मोलाचं. तुलनेला एक बिननावाची ३८४ केबीची नक्कलही टेबलावर घेतली आहे.

ईएमएसवाली (६४० केबीपलीकडची मेमरी देणारी) कार्डं विचारात घेतली नाहीत. १९८५ च्या लोटस-इंटेल-मायक्रोसॉफ्ट तपशिलाप्रमाणे चालणारी मेमरी ६४ केबीच्या खिडकीतून दिसते, आणि ती खिडकी साधारण डी०००० किंवा ई०००० वर ठेवावी लागते. एक्सटी-आयडीईचा रॉमही त्याच भागात असतो. जागा काढता येते, पण ज्या कामांना मोठी स्प्रेडशीट लागत नाही तिथे हा खटाटोप कशाला?

१४ जून: वीज देण्याआधी

दोन्ही कार्डं मशीनबाहेर, मल्टिमीटर ओहमवर. कडेच्या संपर्कांत बी बाजू म्हणजे सोल्डरची बाजू, आणि क्रमांक १ मागच्या पट्टीजवळचा. बी१ जमीन (ग्राउंड), बी३ अधिक ५, बी५ उणे ५, बी७ उणे १२, बी९ अधिक १२, बी१० परत जमीन.

सिक्सपॅकप्लस: चारही रेल (वीजपुरवठ्याच्या ओळी) जमिनीशी मोजल्या, कुठेच शॉर्ट नाही. कपॅसिटर भरत जातात तसा आकडा वर चढतो, तसाच चढला.

नक्कल: बी९ ते बी१०, ०.९ ओहम. थेट शॉर्ट. १२ व्होल्टच्या रेलवरचा टँटलम कपॅसिटर, १० मायक्रोफॅरड १६ व्होल्टचा. १२ च्या रेलवर १६ चा टँटलम म्हणजे मुळातच कमी सूट, आणि वर्षानुवर्षं पडून राहिलेला टँटलम पहिल्याच वीजप्रवाहात आतून जुळतो. असं कार्ड तसंच घातलं तर दोनपैकी एक होतं: सप्लाय स्वतःला बंद करून घेतो आणि पंखा फिरतच नाही, किंवा कपॅसिटर फटकन जळतो. पहिला प्रकार जास्त फसवा, कारण माणूस सप्लाय उघडून बसतो आणि दोष कार्डात असतो.

कपॅसिटर काढून १० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा लावला. टँटलमवरची रेघ अधिक टोक दाखवते, साध्या इलेक्ट्रोलिटिकवरची उणे. सवयीने उलटं बसवण्याची जागा हीच.

नकलेवर पिंपाच्या आकाराची ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी होती, फुटून हिरवी झालेली. तिचा पाझर अल्कधर्मी असतो. पांढरं व्हिनेगर कापसाच्या काडीने लावलं, फेस थांबेपर्यंत थांबलो, मग पाणी, मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. बॅटरीखालचे दोन ट्रेस खाल्ले गेले होते, तिथे पातळ वायर सोल्डर करावी लागली. हे सगळं करूनही हे कार्ड नापास. त्याच्या पॅरलल आणि गेम पोर्टसाठी दोन वेगळ्या मागच्या पट्ट्या लागतात आणि घड्याळाचा पत्ता कुठेच छापलेला नाही. सुट्या चिपांसाठी ठेवलं.

मागच्या पट्ट्यांचं हे गणित कार्ड घेताना कुणी सांगत नाही. कार्ड एकाच स्लॉटात बसतं, पण दोन डीबी-२५ (२५ पिनांचे) कनेक्टर एका पट्टीवर मावत नाहीत. दुसरा पोर्ट रिबन केबलने शेजारच्या खिडकीत काढावा लागतो. पाचही खिडक्यांत कार्डं असतील तर तो पोर्ट असून नसल्यासारखा.

१५ जून: चिपा भरणं

कार्डवर सहा बँका, प्रत्येकीत नऊ चिपा: आठ डेटाच्या, एक पॅरिटीची, म्हणजे बाकी आठांतला डेटा तपासायला. सगळं भरायचं तर ५४ चिपा, ४१६४ प्रकारच्या, ६४ किलोबिट गुणिले १. ४.७७ मेगाहर्ट्झच्या मशीनला २०० नॅनोसेकंद पुरतात, १५० ही चालतात. १२० वर जास्त खर्च करून इथे काहीच मिळत नाही. एका बँकेत वेगवेगळ्या वेगाच्या चिपा घातल्या तरी चालतं, फक्त सगळ्यात हळू चिप २०० च्या आत हवी.

सावध राहायची जागा: जुन्या १६–६४ केबी बोर्डातल्या ४११६ चिपा दिसायला अगदी तशाच, १६ पिनांच्या. पण ४११६ ला पिन ८ वर १२ व्होल्ट आणि पिन १ वर उणे ५ लागतात. ४१६४ ला पिन ८ वर फक्त ५. ४१६४ चुकून ४११६ च्या सॉकेटात गेली की तत्क्षणी मरते, आणि बाहेरून काहीच कळत नाही. दोन प्रकारच्या चिपा एका डब्यात ठेवू नयेत.

चिपांचे पाय कारखान्यातून बाहेर फाकलेले येतात. टेबलाच्या कडेवर एकेक बाजू हलकी दाबून पाय काटकोनात आणले नाहीत तर एखादा पाय सॉकेटात न जाता चिपेच्या पोटाखाली दुमडतो. वरून बघितलं तर चिप व्यवस्थित बसलेली दिसते. म्हणून प्रत्येक रांग भरल्यावर कार्ड डोळ्याच्या पातळीवर आडवं धरून, मागे दिवा ठेवून बघितलं. एक दुमडलेला पाय असाच सापडला.

सॉकेट एका बाजूने धरणाऱ्या पत्तीची आहेत, काळवंडलेली. संपर्क साफ करायचा फवारा मारून प्रत्येक चिप दोन-तीनदा काढली-घातली. डिप स्विचही फवारून वीस-पंचवीस वेळा इकडून तिकडे केले. हे कंटाळवाणं काम टाळलं की नंतर जे दोष दिसतात त्यातले निम्मे खोटे असतात.

२२ जून: स्विच

मदरबोर्डवर: एसडब्ल्यू १ चे ३ आणि ४ दोन्ही बंद, म्हणजे बोर्डवरच्या चारही रांगा भरलेल्या. ५ आणि ६ दोन्ही बंद, म्हणजे एमडीए. एसडब्ल्यू २ चा हिशोब असा: (६४० − ६४) भागिले ३२ = १८. द्विमानात १००१०. बंद म्हणजे १, चालू म्हणजे ०, आणि स्विच १ हा सगळ्यात लहान बिट. म्हणून १ चालू, २ बंद, ३ चालू, ४ चालू, ५ बंद. उरलेले ६, ७, ८ बंद. फक्त २५६ केबीसाठी हेच गणित ६ देतं: १ चालू, २ आणि ३ बंद, ४ आणि ५ चालू. तक्ता हरवला तरी हे सूत्र पुरतं.

कार्डवर: मेमरीची सुरुवात २५६ केबीपासून, सहा बँका. कार्ड आधी ६४ केबीपासून सुरू होणाऱ्या सेटिंगवर होतं, बहुधा आधी १६–६४ केबीच्या बोर्डात असावं. ते तसंच ठेवून चालू केलं असतं तर ६४ ते २५६ या भागात बोर्ड आणि कार्ड दोघंही एकाच वेळी बसवर उत्तर देत राहिले असते. त्याची लक्षणं मेलेल्या चिपेसारखीच दिसतात, पण चिप बदलून काही फरक पडत नाही.

एसडब्ल्यू २ मध्ये खऱ्यापेक्षा जास्त आकडा लावला तर २०१, म्हणजे मेमरीची, एरर येते. कमी लावला तर एररही येत नाही, वरची मेमरी फक्त दिसत नाही. दुसरा प्रकार जास्त वेळ खातो. आयबीएमच्या पुढच्या मॉडेलमध्ये, एक्सटी ५१६० मध्ये, हा त्रास नाही, तिथे बायोस मेमरी स्वतः मोजतं. तिथे वेगळी अट आहे: स्लॉट ७ आणि ८ मध्ये लांब कार्ड बसत नाही, आणि स्लॉट ८ मध्ये कार्डाने बी८ वर निवड झाल्याचा सिग्नल द्यावा लागतो. पूर्ण लांबीची मल्टिफंक्शन कार्डं तिथे आधीच्या स्लॉटांत घालावीत.

२३ जून: २०१

पहिल्यांदा चालू केलं, २०१. त्याच्या आधी ७ ने सुरू होणारा पत्ता आणि २० हा कोड.

हे वाचता आलं की काम सोपं. ७०००० म्हणजे ४४८ केबी. कार्ड ४०००० पासून सुरू होतं, एकेक बँक ६४ केबीची, म्हणजे ४, ५, ६, ७: चौथी बँक. २० हा बिटचा कोड: ०१ म्हणजे बिट ०, ०२ म्हणजे १, ०४ म्हणजे २, ०८ म्हणजे ३, १० म्हणजे ४, २० म्हणजे ५, ४० म्हणजे ६, ८० म्हणजे ७. ०० आला तर पॅरिटीची चिप. चौथी बँक, बिट ५. तिथली चिप पाचव्या बँकेतल्या त्याच बिटच्या चिपेशी बदलली. एरर ८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर गेली. म्हणजे सॉकेट ठीक, चिप खराब. एरर जागेवरच राहिली असती तर सॉकेट किंवा बफर बघावा लागला असता. थेट नवी चिप घालण्याऐवजी आधी अदलाबदल करायची ती एवढ्यासाठीच.

कोडमध्ये दोन बिट एकत्र आले, समजा ०३, तर दोन चिपा मेल्या असं लगेच धरू नये. एका बँकेतले बरेच बिट एकदम गेले की दोष बहुधा पत्त्याच्या किंवा बँक निवडणाऱ्या लॉजिकमध्ये असतो.

एक व्यावहारिक सोय: थंड चालूवर ६४० केबीची चाचणी मिनिटाहून जास्त खाते. कंट्रोल-ऑल्ट-डिलीटने पुन्हा सुरू केलं तर ती चाचणी टळते. पण चिपा तपासत असताना हा शॉर्टकट वापरू नये, नाहीतर दोष झाकला जातो.

२ जुलै: पोर्ट

सीरियल ३एफ८, आयआरक्यू (प्रोसेसरचं लक्ष वेधायची ओळ) ४, म्हणजे कॉम १. पॅरलल कार्डवर जंपरने बंद केला. कारण एमडीएवर स्वतःचा प्रिंटर पोर्ट आहे, ३बीसी वर. बायोस पॅरलल पोर्ट शोधतं ते ३बीसी, ३७८, २७८ या क्रमाने. त्यामुळे एमडीए असेल तर एलपीटी १ (पहिला प्रिंटर पोर्ट) तोच, आणि कार्डवरचा ३७८ आपोआप एलपीटी २ होतो. प्रिंटर कार्डला लावून 'एलपीटी १ चालत नाही' म्हणत बसण्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

तपासायला डीबगमध्ये 'डी ४०:०'. पहिल्या आठ बाइटांत सीरियल पत्ते, पुढच्या आठांत पॅरलल, प्रत्येक पत्ता उलटा. दिसलं ते: एफ८ ०३ आणि पुढे शून्यं, मग बीसी ०३ आणि पुढे शून्यं. ४०:१३ वर ८० ०२, म्हणजे ०२८०, म्हणजे ६४०. तिन्ही गोष्टी एका पडद्यावर मिळाल्या.

सीरियलमधला एक सापळा नोंदवण्यासारखा. कार्डवरचा एकुलता सीरियल पोर्ट २एफ८ वर ठेवला तर बायोस त्यालाच पहिला सापडलेला पोर्ट म्हणून कॉम १ च्या जागी लिहितं. पण त्याचा आयआरक्यू मात्र ३ च राहतो. कॉम १ म्हणजे आयआरक्यू ४ असं गृहीत धरणारं सॉफ्टवेअर मग पाठवतं पण ऐकत नाही. एकच पोर्ट असेल तर तो ३एफ८ वरच हवा.

इथे पोर्ट दिसत होता, पण लूपबॅक (पाठवलेलं स्वतःलाच परत मिळतं का याची चाचणी) नापास. लूपबॅक प्लग: डीबी-२५ वर २ आणि ३ जोडलेले, ४ आणि ५ जोडलेले, ६-८-२० एकत्र. मोकळ्या स्थितीत पिन २ वर ऋण व्होल्टेज हवं. ते उणे १० च्या आसपास मिळालं, म्हणजे पाठवणारी १४८८ ठीक, आणि उणे १२ ची रेलही ठीक. मग ऐकणारी १४८९: पिन १४ वर ५ व्होल्ट होते, इनपुटला सिग्नल पोचत होता, आउटपुट हलत नव्हता. १४८९ बदलली आणि लूपबॅक पास. सीरियल पोर्ट चालवणाऱ्या मुख्य ८२५० चिपेवर संशय घेण्याआधी या दोन स्वस्त चिपा बघाव्यात, केबल चालू मशीनवर काढ-घाल केल्याचा फटका पहिल्यांदा यांनाच बसतो.

८२५० च्या जागी तिची सुधारित आवृत्ती १६५५० घालायचा मोह होतो. पिना जवळपास जुळतात, फक्त २४ आणि २९ ची कामं वेगळी आहेत. कार्डवर त्या दोन पिना कुठे जोडलेल्या नसतील तर चालते. इथे तशी गरज पडली नाही.

नेटवर्क कार्ड आणि एक्सटी-आयडीई दोन्ही ३०० वर येऊन बसले होते, दोघांचाही नेहमीचा पत्ता तोच. एनई प्रकारचं नेटवर्क कार्ड ३२ पोर्ट घेतं. ते ३६० वर हलवलं तर ३७एफ पर्यंत जातं आणि ३७८ च्या पॅरललवर चढतं. आज कार्डचा पॅरलल बंद आहे म्हणून चाललं असतं, पण पुढे कुणी जंपर लावला की गोंधळ. ३४० वर ठेवलं. आयआरक्यू ३ मोकळाच होता, कारण कॉम २ नाही. घड्याळाच्या २सी० पासूनच्या ३२ पत्त्यांशीही टक्कर नाही.

६ जुलै: घड्याळ

चिप नॅशनल सेमिकंडक्टरची एमएम५८१६७, ३२.७६८ किलोहर्ट्झच्या क्रिस्टलवर, पत्ता २सी०. युटिलिटी घालण्याआधी डीबगमध्ये 'आय २सी२' दिलं. हा सेकंदांचा रजिस्टर, बीसीडीमध्ये, म्हणजे ४७ सेकंद असतील तर ४७ च दिसतात. पुन्हा दिलं की आकडा पुढे सरकायला हवा. एफएफ आला तर त्या पत्त्यावर कुणी नाही, जंपर बघा. आकडा गोठलेला असेल तर क्रिस्टल चालत नाही. २सी३ मिनिटं, २सी४ तास, २सी६ तारीख, २सी७ महिना.

इथे आकडा सरकत होता, पण वीज बंद केली की सगळं विसरत होतं. जुनी बॅटरी ०.४ व्होल्टवर. तिच्या जागी सीआर२०३२ चा होल्डर दोन वायरींवर बाहेर काढला. आधी एक तपासणी आवश्यक: बॅटरी काढून, मशीन चालू करून, बॅटरीच्या दोन पॅडांमध्ये १० किलोओहमचा रेझिस्टर लावून व्होल्टेज मोजा. रेझिस्टर नसेल तर गळतीनेही खोटा आकडा दिसतो. शून्याजवळ असेल तर सर्किट बॅटरी चार्ज करत नाही आणि लिथियम सेल तशीच लावता येते. काही व्होल्ट दिसले तर चार्जिंग आहे. तिथे १एन४१४८ डायोड बॅटरीकडून सर्किटकडे अशा दिशेने लावल्याशिवाय लिथियम सेल लावायची नाही, ती फुगते. या कार्डवर शून्याजवळ होतं. नकलेवर मात्र चार्जिंग होतं, निकेल-कॅडमियमसाठी ते असणारच.

डॉस सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेकमध्ये एएसटीक्लॉकची, म्हणजे घड्याळाच्या युटिलिटीची, ओळ घातली. ऑटोएक्झेक फाइल असली की डॉस तारीख-वेळ विचारायचं सोडून देतं, त्यामुळे ही ओळ विसरली तर मशीन गुपचूप जुन्या तारखेने चालतं आणि फायलींवर १९८० उमटतं.

या चिपेत वर्षाचा काउंटरच नाही. महिना, तारीख, वार, वेळ आहे, वर्ष नाही. वर्ष सॉफ्टवेअर सांभाळतं. मशीन महिनोन्महिने बंद राहिलं तर वर्ष चुकण्याची शक्यता गृहीत धरावी आणि पहिल्यांदा चालू केल्यावर 'डेट' देऊन बघावं. कार्ड खराब झालं असं समजून बॅटरी बदलत बसण्यात अर्थ नाही.

२० जुलै: तापल्यावर

सगळं बसवून मशीन चालू ठेवलं. थंड असताना चाचणी पास, पण मशीन तापल्यावर 'पॅरिटी चेक २' येऊन सगळं थांबलं. १ असता तर दोष मदरबोर्डच्या मेमरीत, २ म्हणजे स्लॉटमधल्या मेमरीत. इथे पत्ता मिळत नाही, बिट मिळत नाही, त्यामुळे २०१ सारखं वाचून काढता येत नाही.

आधी वीज. पाचव्या स्लॉटपाशी बी३ ते बी१: ४.९७ व्होल्ट, तापल्यावरही तेवढेच. सप्लाय निर्दोष.

मग कार्ड अर्धं केलं. कार्डवरच्या शेवटच्या तीन बँका बंद, मदरबोर्डवर ४४८ चं सेटिंग: (४४८ − ६४) भागिले ३२ = १२, म्हणजे १ आणि २ चालू, ३ आणि ४ बंद, ५ चालू. तापवलं, दोष नाही. म्हणजे शेवटच्या तिनांत. मग पाच बँका ठेवून ५७६: गणित १६ देतं, म्हणजे १ ते ४ चालू, ५ बंद. दोष परत आला. चौथी की पाचवी हे ठरवायला चार बँका, ५१२, १४ येतात: १ चालू, २ ते ४ बंद, ५ चालू. दोष नाही. पाचवी बँक.

त्या बँकेतल्या नऊ चिपांवर एकेक करून गोठवणारा फवारा. तापलेल्या अवस्थेत एकीवर फवारा पडला की मशीन बराच वेळ टिकायचं, बाकींवर काही फरक नाही. ती चिप आणि पहिल्या बँकेतली त्याच बिटची चिप यांची अदलाबदल केली. दोष पहिल्या बँकेत गेला, म्हणजे कार्डवर फक्त पहिली बँक चालू असतानाही येऊ लागला. ती चिप बदलली, सहाही बँका परत चालू केल्या, ६४० चं सेटिंग. दिवसभर चालवलं, पॅरिटी चेक नाही.

काहीजण अशा वेळी कार्डवरची पॅरिटी बंद करून मोकळे होतात. संदेश जातो, दोष राहतो, आणि मग डिस्कवर चुकीचे बाइट लिहिले जातात.

सध्याची मांडणी: मागून बघताना पॉवर सप्लायजवळच्या स्लॉटात फ्लॉपी कंट्रोलर, मग एक्सटी-आयडीई, मग एमडीए, मग नेटवर्क, आणि कडेला सिक्सपॅकप्लस. पूर्ण लांबीच्या कार्डाचं पुढचं टोक धरणारा प्लॅस्टिकचा मार्गदर्शक तिथे असायलाच हवा. तो नसेल तर ५४ चिपांच्या वजनाने कार्ड पुढे झुकतं आणि कडेचे संपर्क सैल होतात. गेम पोर्टचा चिपसेट भरलेला नाही, त्याची पट्टी काढायला खिडकीही नाही, म्हणून तो तसाच सोडला.